सांडपाण्यातील तेल-तूप आणि गॅस करणारे जिवाणू

घराच्या मोरीतून, वसतिगृहाच्या स्वयंपाकघरातून किंवा विहाराच्या आवारात भोजनदान झाल्यावर जेथे मोठाली भांडी घासली जातात तेथून जे पाणी वाहून जाते, त्याचे पुढे काय होते याचा विचार आपण सहसा करीत नाही. पाणी डोळ्यांआड झाले की विषय संपला, अशीच आपली समजूत असते. परंतु ते पाणी कोठेतरी साठते आणि कोणीतरी ते शुद्ध करीत असतो. हा 'कोणीतरी' म्हणजे डोळ्यांना न दिसणारे कोट्यवधी जिवाणू होत. या जिवाणूंचे काम जेथे बंद पडते तेथे शेवटी माणसाला त्या घाणीत उतरावे लागते, हा आपल्या देशाचा जुना आणि लाजिरवाणा अनुभव आहे. म्हणूनच सांडपाण्यातील तेल, तूप व चरबी यांचा या जिवाणूंवर काय परिणाम होतो, हा वरवर रुक्ष वाटणारा विषय आम्ही या स्मरणिकेसाठी मुद्दाम निवडला आहे. विज्ञानाच्या विद्यार्थ्यांना यात अभ्यासाचा भाग सापडेल आणि इतर सभासदांना रोजच्या उपयोगाच्या चार गोष्टी मिळतील.

हवेविना चालणारा कारखाना

यवतमाळ, पुसद, वणी, दारव्हा, दिग्रस, उमरखेड यांसारख्या आपल्या गावांत अनेक घरांच्या संडासाला सेप्टिक टँक जोडलेली असते. खेड्यांत कोठे कोठे गोबर गॅस प्लँट दिसतो. शहरांत मोठी सांडपाणी शुद्धीकरण केंद्रे असतात. या तिन्ही ठिकाणी एक गोष्ट समान आहे. बंद टाकीत हवा पोहोचत नाही आणि प्राणवायूवाचून जगणारे जिवाणू तेथे घाण कुजवून तिचा वायू करतात. अशा जिवाणूंना विनॉक्सी जिवाणू म्हणतात.

हे तंत्र आपल्याकडे नवे नाही. १८९७ साली मुंबईत माटुंगा येथील कुष्ठरुग्णांच्या आश्रमात मैल्यापासून गॅस मिळवून तो दिव्यांसाठी वापरला जात होता. पुढे स्वातंत्र्योत्तर काळात खादी व ग्रामोद्योग आयोगाने गोबर गॅस खेडोपाडी नेला. कोकणात गोपुरीला अप्पासाहेब पटवर्धनांनी संडासाच्या मैल्यापासून खत व गॅस करण्याचे प्रयोग केले. तोच वारसा देहू येथील डॉ. सुहास मापुसकर यांनी आयुष्यभर पुढे चालविला. संडासाला जोडलेला गॅस प्लँट त्यांनी अनेक ठिकाणी उभा करून दाखविला. २०१७ साली त्यांना मरणोत्तर पद्मश्री देण्यात आली. मैला माणसाने उचलण्याची गोष्ट नाही, तो जिवाणूंकडे सोपवावयाचा आहे, हा या सर्व खटाटोपामागचा विचार होता.

टाकीतील काम चार पायऱ्यांनी होते. पहिल्या पायरीला काही जिवाणू आपल्या शरीराबाहेर एन्झाइम सोडून पिष्ट, प्रथिने व मेद यांचे मोठे रेणू फोडतात. दुसऱ्या पायरीला या तुकड्यांपासून लहान आम्ले तयार होतात. तिसऱ्या पायरीला त्या आम्लांपासून ॲसेटिक आम्ल (आपण ज्याला व्हिनेगरचे आम्ल म्हणतो ते), हायड्रोजन व कार्बन डायऑक्साइड मिळतो. चौथ्या पायरीला मिथेन करणारे सूक्ष्मजीव या साऱ्यांचा मिथेन वायू करतात. हाच वायू चुलीत निळ्या ज्योतीने जळतो. मिथेन करणारे हे सूक्ष्मजीव खऱ्या अर्थाने जिवाणूही नाहीत. १९७७ साली कार्ल वोझ या अमेरिकी शास्त्रज्ञाने ते सजीवांच्या एका वेगळ्याच प्राचीन शाखेतील असल्याचे दाखवून दिले. आर्किया असे त्या शाखेचे नाव आहे. सोयीसाठी या लेखात आम्ही त्यांनाही जिवाणूच म्हणणार आहोत.

एकट्याने न होणारे काम

या चार पायऱ्यांचे कामगार एकमेकांवर किती अवलंबून आहेत याची एक उद्बोधक हकीकत आहे. मद्यार्कापासून मिथेन करणारा एक जिवाणू शुद्ध स्वरूपात वेगळा केल्याचे १९४० साली प्रसिद्ध झाले. सत्तावीस वर्षे तो एकच जीव आहे असे समजले जात होते. १९६७ साली ब्रायंट व त्यांच्या सहकाऱ्यांनी सिद्ध केले की, ते एक नसून दोन निरनिराळे जीव आहेत. पहिला मद्यार्क खाऊन हायड्रोजन सोडतो आणि दुसरा तो हायड्रोजन तत्काळ संपवून मिथेन करतो. हायड्रोजन साचला तर पहिल्याचे काम थांबते आणि पहिल्याने काम थांबविले तर दुसरा उपाशी राहतो. दोघांपैकी एकालाही हे काम एकट्याने पुरे करता येत नाही.

तेलाच्या बाबतीत ही भागीदारी आणखी महत्त्वाची ठरते. मेदाम्ले खाणाऱ्या जिवाणूंना भोवतालचा हायड्रोजन अतिशय कमी, म्हणजे वातावरणाच्या दाबाच्या साधारण दहा हजारांशाइतका, राहिला तरच काम जमते. १९८६ साली फ्रान्समधील संशोधकांनी अशा एका जिवाणूचे वर्णन केले आणि त्याला सिंट्रोफोमोनास सॅपोव्होरन्स असे नाव दिले. सॅपोव्होरन्स म्हणजे साबण खाणारा! हे नाव किती यथार्थ आहे ते पुढे कळेलच.

तेल म्हणजे नेमके काय?

आपला जिल्हा कापसाचा. कापसाबरोबर सरकी येते, सरकीतून तेल निघते आणि उरलेली ढेप जनावरांना जाते. अलीकडच्या काही दशकांत सोयाबीनही आपल्या शेतांत मोठ्या प्रमाणावर आले. दिसायला ही तेले निराळी असली तरी त्यांची घडण एकच आहे. ग्लिसरॉलच्या (बाजारातील ग्लिसरीनच्या) एका रेणूला तीन लांब मेदाम्ले चिकटलेली असतात. तीन दातांचा कंगवा डोळ्यांसमोर आणावा. ग्लिसरॉल ही त्याची पाठ आणि मेदाम्ले हे त्याचे दात.

कोणत्या तेलात कोणती मेदाम्ले आहेत यावर त्या तेलाचे गुण ठरतात. सरकीच्या तेलात सुमारे निम्मे लिनोलेइक आम्ल आणि एक चतुर्थांशाच्या आसपास पामिटिक आम्ल असते. सोयाबीन तेलातही निम्म्याहून थोडे अधिक लिनोलेइक आम्ल असते, परंतु पामिटिक केवळ दहा-अकरा टक्के. पाम तेलात पामिटिक व ओलेइक ही दोन आम्ले मिळून ८० टक्क्यांहून अधिक भरतात. खोबरेल तेलात जवळजवळ निम्मे लॉरिक आम्ल असते. शुद्ध ओलेइक आम्ल १३-१४ अंश सेल्सिअसलाच वितळते, तर पामिटिक आम्ल वितळण्यास सुमारे ६३ अंश तापमान लागते. टाकीतील पाणी २५-३० अंशांचे. म्हणजे तेथे पामिटिक आम्ल घट्टच राहणार. मोरीच्या पाइपात जो पांढरट मेणचट थर दिसतो त्यामागे हेही एक कारण आहे.

टाकीत तेल पोहोचल्यावर लायपेज नावाचे एन्झाइम कंगव्याचे दात पाठीपासून वेगळे करते. हे काम बहुधा लवकर होते. ग्लिसरॉल तर साखरेसारखा सहज पचून जातो. मागे राहतात ती लांब साखळीची मेदाम्ले. अडचण सुरू होते ती येथून.

सर्वांत सकस अन्न

अडचण सांगण्यापूर्वी या मेदाम्लांची थोरवी सांगणे योग्य होईल. एक ग्रॅम पिष्टापासून हिशेबाने सुमारे ०.४ लिटर मिथेन मिळू शकतो, एक ग्रॅम प्रथिनांपासून सुमारे ०.५ लिटर आणि एक ग्रॅम तेलापासून सुमारे १ लिटर! पिष्टाच्या दुपटीहूनही हे अधिक आहे. याचे कारण पामिटिक आम्लाच्या एका रेणूवरून समजेल. त्याच्या साखळीत कार्बनचे १६ अणू असतात. जिवाणू ही साखळी टोकाकडून दोन-दोन कार्बनच्या तुकड्यांनी कातरत जातात. पूर्ण कातरून झाली की ॲसेटिक आम्लाचे ८ रेणू आणि हायड्रोजनचे १४ रेणू हाती येतात. या दोहोंपासून मिथेन होतो.

व्यवहारातील भाषेत सांगावयाचे तर, एक लिटर गोडेतेल वजनाने सुमारे ९२० ग्रॅम भरते आणि ते पूर्ण पचले तर ९०० लिटरांहून अधिक मिथेन देऊ शकते. इतका मिथेन गोबर गॅस प्लँटमधून मिळवावयाचा असेल तर साधारण ४० किलो ताजे शेण घालावे लागेल.

याच हिशेबाची दुसरी बाजूही पाहावी. सांडपाण्यातील घाण मोजण्याचे एक माप म्हणजे तिच्या संपूर्ण ज्वलनास लागणारा प्राणवायू. एका माणसाच्या एका दिवसाच्या मैल्याचा व सांडपाण्याचा भार या मापाने १०० ग्रॅम धरला, तर मोरीत ओतलेले एक लिटर तेल पंचवीसहून अधिक माणसांच्या एका दिवसाच्या घाणीइतका भार टाकते. कढईतले उरलेले तेल ओतून देणारा हात आपल्या घराच्या टाकीवर जणू दोन डझन पाहुणे एकदम आणून बसवितो.

बिघाड कोठे होतो?

आपल्या भागातील शेतकऱ्याला हा बिघाड समजावून सांगण्यास बैलाचे उदाहरण पुरेसे आहे. बैलाच्या पोटाचा पहिला मोठा कप्पा म्हणजे एक जिवंत गोबर गॅस प्लँटच होय. तेथेही हवा नसते, तेथेही जिवाणू चारा कुजवितात आणि मिथेन तयार होऊन ढेकरेवाटे बाहेर पडतो. शेणात या कुळातील जिवाणू असतात म्हणून तर नवा प्लँट शेणाने सुरू करता येतो. सरकीत सुमारे १८ ते २० टक्के तेल असते. माफक सरकी जनावराला मानवते, दुधाला फॅट चढते. परंतु एकूण सुक्या खाद्यात तेलाचे प्रमाण सहा-सात टक्क्यांच्या वर गेले की कडबा पचविणारे जिवाणू मंदावतात आणि जनावर चाऱ्याला तोंड लावीत नाही. जो नियम बैलाच्या पोटाला तोच टाकीला लागू पडतो.

टाकीत मेदाम्ले तीन प्रकारे त्रास देतात.

पहिला प्रकार लेपाचा. मेदाम्लाचे एक टोक पाण्याशी मैत्री करते व लांब शेपटी पाण्यापासून पळते. ही शेपटी जिवाणूच्या मेदयुक्त आवरणाला जाऊन चिकटते. जिवाणूभोवती तेलकट लेप बसला की बाहेरचे अन्न आत जाण्यास व आतला वायू बाहेर पडण्यास अडथळा होतो. रेनकोट घालून घाम पुसण्यासारखी त्याची अवस्था होते.

दुसरा प्रकार खुद्द आवरणावरील आघाताचा. मेदाम्ले आवरणात शिरून त्याची घडी विस्कटतात. मिथेन करणारे जिवाणू याबाबतीत विशेष नाजूक असतात. १९८७ साली नेदरलँड्समधील वाखेनिंगेन येथे कोस्टर व क्रॅमर यांनी निरनिराळी मेदाम्ले तपासली तेव्हा त्यांत लॉरिक आम्ल, म्हणजे खोबरेलातील मुख्य आम्ल, सर्वांत घातक ठरले. उष्ण तापमानावर, ५५ अंशांच्या आसपास, चालणाऱ्या टाक्यांतील जिवाणू साध्या तापमानाच्या टाक्यांतील जिवाणूंपेक्षा या आम्लांनी लवकर बाधित होतात असेही पुढे आढळले.

तिसरा प्रकार तरंगण्याचा. तर्री-पोह्यांवरची तर्री वरच का राहते हे आपणास ठाऊकच आहे. तेल पाण्याहून हलके असते. मेदाम्लांचा लेप बसलेले जिवाणूंचे पुंजके वायूच्या बुडबुड्यांसह वर येतात आणि बाहेर जाणाऱ्या पाण्याबरोबर वाहून जातात. वाखेनिंगेनच्याच गात्झे लेटिंगा यांनी १९७० च्या दशकात विकसित केलेल्या, खालून वर पाणी सोडणाऱ्या टाकीत हा धोका मोठा असतो, कारण त्या टाकीचे सारे सामर्थ्य तळाशी बसलेल्या जिवाणूंच्या थरात असते. हेच तंत्र १९८९ साली कानपूरला गंगा शुद्धीकरणाच्या योजनेत आपल्या देशात आले. टाकीतून जिवाणू वाहून गेले तर ते पुन्हा वाढण्यास महिने लागतात.

या तिन्ही प्रकारांचा शेवट एकच होतो. चौथी पायरी मंदावते, परंतु दुसरी चालूच राहते. आम्ले साचतात, टाकी आंबते, गॅस घटतो आणि दुर्गंधी सुटते. घरमालक म्हणतो, "प्लँट बिघडला." प्लँट जागच्या जागी असतो, त्यातील भागीदारी मोडलेली असते.

विष की अन्न?

तेल हे या जिवाणूंना विष मानावे काय? या प्रश्नाचे उत्तर शास्त्रज्ञांनीही टप्प्याटप्प्याने बदलत नेले. १९८१ साली जपानमध्ये हानाकी व त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखविले की, मेदाम्ले घातल्यावर मिथेन लगेच सुरू होत नाही, मध्ये बराच काळ शांतता राहते आणि मग तो सुरू होतो. त्यांनी असेही दाखविले की, कॅल्शियमचे क्षार घातले तर बाधा कमी होते, कारण कॅल्शियम मेदाम्लांशी संयोग पावून न विरघळणारा साबण बनवितो. मात्र हा उपाय वेळेवर झाला तरच उपयोगी पडतो आणि तरंगण्याचा प्रश्न त्याने सुटत नाही. पुढे काही प्रयोगांत मेदाम्ले जिवाणूंना मारूनच टाकतात असा निष्कर्ष निघाला. त्यामुळे तेलकट सांडपाणी अशा टाक्यांत घेऊच नये असे मत बळावले.

या मताला पोर्तुगालमधील ब्रागा येथील मिन्यो विद्यापीठाच्या संशोधकांनी २००४-०५ च्या सुमारास मोठा धक्का दिला. मेदाम्लांनी पूर्ण लडबडलेला, जणू निकामी झालेला गाळ त्यांनी घेतला, त्याला नवे तेल देणे बंद केले आणि केवळ वाट पाहिली. जिवाणूंनी अंगावर चिकटलेली मेदाम्ले हळूहळू खाऊन त्यांचा मिथेन केला. लेप उतरल्यावर त्यांची काम करण्याची शक्ती पूर्वीपेक्षा वाढलेली दिसली. म्हणजे बरीचशी बाधा कायमची नव्हती, अन्नाचा डोंगर एकाच वेळी अंगावर कोसळल्याने ते दबले होते. २००९ साली शेणखतावर चालणाऱ्या टाक्यांच्या अभ्यासात आणखी एक उपयुक्त गोष्ट कळली. अशा दबलेल्या टाकीचे खाद्य नुसते बंद ठेवण्यापेक्षा तिच्यात काम करणारा ताजा गाळ घालून जिवाणूंची संख्या वाढविली किंवा मेदाम्ले शोषून घेणारा पदार्थ घातला, तर ती अधिक लवकर सावरते.

तेव्हा तेल हे अन्न आहे, आणि फार सकस अन्न आहे. किती, किती वेळाने आणि कोणाबरोबर दिले यावर त्याचे विष होणे किंवा गॅस होणे अवलंबून असते. उपाशी माणसाला एकदम पंगतीचे जेवण वाढू नये, हे आपल्याकडील वडीलधारी माणसे सांगतच आली आहेत.

पाइपात होणारा साबण

विदर्भातील अनेक विहिरींचे व बोअरचे पाणी जड असते. त्यात कॅल्शियमचे क्षार भरपूर असल्याने साबणाला फेस येत नाही व बादलीच्या काठाला पांढरी साय धरते. प्रयोगशाळेत जिवाणूंना वाचविणारा जो कॅल्शियमचा साबण, तोच आपल्या पाइपात तयार झाला तर मात्र पाइप तुंबवितो. २०१७ साली लंडनच्या व्हाइटचॅपल भागातील गटारात असा एक गोळा सापडला. त्याची लांबी २५० मीटर व वजन १३० टन होते. स्वयंपाकघरातील चरबी आणि संडासात टाकलेली कापडी टिपणे, लंगोट यांचा तो बनलेला होता. तो फोडून काढण्यास कामगारांना अनेक आठवडे लागले. आपल्या गल्लीतील नाली व सेप्टिक टँक त्या मानाने लहान, पण रसायन तेच.

येथे एक गैरसमज दूर करणे आवश्यक वाटते. कढत पाणी व भरपूर साबण वापरला की तेल 'निघून गेले' असे आपण मानतो. ते केवळ आपल्या भांड्यावरून निघालेले असते. पुढे पाणी थंड होते, तेल पुन्हा एकत्र येते आणि पाइपाच्या वळणावर किंवा टाकीच्या वर थर धरते.

आपण काय करू शकतो?

या विषयातील खर्चिक यंत्रे कारखान्यांसाठी व नगरपालिकांसाठी आहेत. तेल शुद्ध करणाऱ्या कारखान्यात कॉस्टिक सोड्यामुळे साबणासारखा गाळ निघतो. त्याची व्यवस्था त्यांनी नियमानुसार करावयाची असते. मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात डॉ. शरद काळे यांनी विकसित केलेल्या 'निसर्गऋण' प्लँटमध्ये खरकटे आधी बारीक करून एका वेगळ्या टाकीत गरम पाणी व हवा देऊन कुजवितात आणि नंतर मुख्य टाकीत सोडतात. म्हणजे जड अन्न आधी मऊ करून मग वाढावयाचे. परंतु घर, वसतिगृह, खानावळ, विहार किंवा महामार्गावरील ढाबा यांना पैशावाचून किंवा थोड्या खर्चात पुढील गोष्टी सहज करता येतील.

१) कढईत उरलेले तेल मोरीत कधीही ओतू नये. थंड झाल्यावर ते डब्यात साठवावे. खानावळी व ढाब्यांनी ते बायोडिझेलसाठी गोळा करणाऱ्यांना द्यावे. अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०१८ सालापासून यासाठी योजना सुरू केली आहे. वारंवार तापविलेल्या तेलातील घातक घटकांची २५ टक्के ही मर्यादाही त्याच वर्षापासून लागू झाली. तेव्हा हे तेल पुन्हा तळणात वापरणेही गैर आहे.

२) भांडी घासण्यापूर्वी तेलकट थर रद्दी कागदाने, कोंड्याने किंवा राखेने पुसून घ्यावा. आपल्या आजी-आईंची राखेने भांडी घासण्याची रीत या दृष्टीने शहाणपणाची होती.

३) मोठ्या स्वयंपाकघराबाहेर तेल अडविणारी लहान टाकी बांधावी. विटांचे दोन कप्पे, मध्ये खालून पाणी जाईल अशी आडभिंत आणि पाणी साधारण अर्धा तास थांबेल एवढा आकार, इतके पुरते. तेल वर तरंगते, खालचे पाणी पुढे जाते. वरच्या तेलाचा व तळाच्या गाळाचा मिळून थर खोलीच्या एक चतुर्थांश झाला की ती साफ करावी. संडासाचे पाणी या टाकीत येऊ देऊ नये, म्हणजे लांब दांड्याच्या झाऱ्याने वरूनच ती साफ करता येते.

४) गोबर गॅस प्लँटमध्ये खरकटे घालावयाचे असल्यास ते शेणाबरोबर, थोडे थोडे व रोज घालावे. समारंभाचे सारे तेलकट अन्न एकाच दिवशी लोटू नये. गॅस घटला तर खरकटे बंद करून काही दिवस केवळ ताजे शेण-पाणी द्यावे. थंडीत जिवाणू मंदावलेले असतात, म्हणून डिसेंबर-जानेवारीत तेलकट खाद्य आणखी कमी करावे.

५) सेप्टिक टँकमध्ये ॲसिड, फिनाइल किंवा ब्लीचिंग पावडर सढळ हाताने ओतू नये. घाण मारण्याच्या नादात घाण खाणारे जिवाणूच आपण मारून टाकतो. टाकी दोन-तीन वर्षांनी यंत्राच्या गाडीने उपसून घ्यावी.

विद्यार्थी मित्रांनी एक सोपा प्रयोग करून पाहावा. प्लॅस्टिकच्या एक लिटरच्या तीन बाटल्यांत शेण व पाणी सारख्या प्रमाणात कालवून पाऊण भरावे. पहिलीत काही घालू नये, दुसरीत तेलाचे २० थेंब आणि तिसरीत पाव वाटी तेल घालावे. तोंडाला फुगे बांधून बाटल्या उबदार सावलीत ठेवाव्यात व पाच-सहा आठवडे रोज निरीक्षण लिहावे. तिसऱ्या बाटलीचा फुगा कधी व किती फुगतो याची इतर दोघांशी तुलना करावी. काचेची बाटली घेऊ नये, घट्ट झाकण लावू नये आणि फुगे उघड्यावर, विस्तवापासून दूर सोडावेत.

हे ओझे शेवटी कोणावर पडते?

सेप्टिक टँकवर तेलाचा जाड पापुद्रा साचला, पाइप तुंबला आणि पाणी उलटे फिरू लागले की घरातील लोक माणूस शोधू लागतात. असा माणूस आपल्या समाजव्यवस्थेने कोणत्या वस्तीतून पुरविला हे या स्मरणिकेच्या वाचकांना सांगण्याची गरज नाही. त्या पापुद्र्याखाली मिथेन, कार्बन डायऑक्साइड व हायड्रोजन सल्फाइड दबून असतात. हायड्रोजन सल्फाइडला सडक्या अंड्यांचा वास येतो. पण प्रमाण वाढले की नाकाची वास घेण्याची शक्तीच हा वायू मारून टाकतो. वास गेला म्हणजे धोका गेला असे समजून आत उतरलेला माणूस काही क्षणांत कोसळतो आणि त्याला काढण्यास उतरलेला दुसराही त्याच्यामागे जातो.

हाताने मैला साफ करण्याच्या प्रथेविरुद्ध १९९३ साली पहिला केंद्रीय कायदा झाला. २०१३ साली अधिक व्यापक कायदा झाला व तो ६ डिसेंबर २०१३ पासून अमलात आला. बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणदिनाची ही तारीख आपण कोणी विसरू शकत नाही. या कायद्याने संरक्षक साधनांशिवाय माणसाकडून गटार किंवा सेप्टिक टँक साफ करून घेणे हा गुन्हा ठरविला. सर्वोच्च न्यायालयाने २७ मार्च २०१४ रोजी १९९३ पासून असे मृत्यू झालेल्यांच्या कुटुंबांना १० लाख रुपये देण्याचा आदेश दिला आणि २० ऑक्टोबर २०२३ रोजी ही रक्कम ३० लाख केली. तरीही मृत्यूच्या बातम्या येतच असतात. भरपाईने घर सावरते, गेलेला माणूस परत येत नाही.

कायद्याची अंमलबजावणी ही शासनाची जबाबदारी आहे आणि ती आपण मागत राहिलेच पाहिजे. टाकी तुंबूच नये याची काळजी घेणे मात्र प्रत्येक स्वयंपाकघराच्या हातात आहे. गॅस करणारे जिवाणू जात पाहत नाहीत, वेतन मागत नाहीत आणि त्यांना टाकीत गुदमरून मरण येत नाही. जे काम ते बिनतक्रार करतात ते माणसाच्या माथी मारण्याचे कारणच नाही. त्यांना पचेल तेवढेच तेल त्यांच्याकडे जाऊ द्यावे, एवढीच त्यांची अपेक्षा.

आपल्या संस्थेच्या पुढील प्रत्येक भोजनदानाच्या वेळी भांडी घासण्याच्या जागेजवळ उरलेल्या तेलासाठी एक रिकामा डबा ठेवला जावा, आणि तो ठेवण्याची व भरल्यावर योग्य ठिकाणी पोहोचविण्याची जबाबदारी विद्यार्थी सभासदांनी आपणहून स्वीकारावी, अशी आमची सर्वांना नम्र विनंती आहे.